निकालाआधीच अपील? 'अंतिम', 'अंतरिम' आणि मधला 'र'

एका वाचकाचा प्रश्न: अमेरिकेतल्या पोलिसांवरच्या नागरी हक्क दाव्याची बातमी वाचली. दावा अजून सुनावणीला उभाही राहिलेला नाही आणि पोलीस एका 'अंतिम' आदेशावर अपिलात गेले. अपील अंतिम निर्णयावर होतं ना? की 'अंतरिम'मधला 'र' छापताना गळला?

'र' गळलेला नाही. हे दोन शब्द जुळे दिसतात, पण सख्खे नाहीत. 'अंतिम' हा 'अंत'पासून आला. 'अंतरिम' म्हणजे मूळ लॅटिन 'इंटरिम'ला घातलेला देशी अंगरखा. तो अंगाला बसला, कारण लॅटिन 'इंटर' आणि संस्कृत 'अंतर्' हे चुलतभाऊच.

अमेरिकेच्या संघीय न्यायालयांतही सहसा अंतिम निर्णयावरच अपील होतं. मात्र तिथे 'अंतिम' म्हणजे दर वेळी 'सर्वांत शेवटचा' नव्हे. १९४९च्या कोहेन प्रकरणापासून दावा चालू असतानाचे काही मोजके आदेशही त्यात धरतात: मुद्दा कायमचा मिटलेला, महत्त्वाचा, मूळ वादाहून वेगळा, आणि निकालापर्यंत थांबलं तर अपिलाला अर्थच उरणार नाही असा.

पोलिसांचं तसंच आहे. ज्या हक्काचा भंग झाला म्हणतात तो कायद्याने आधी स्पष्ट ठरलेला नसेल, तर त्यांना भरपाईच्या दाव्याला तोंडच द्यावं लागू नये, असं एक संरक्षण आहे. दावा लढून झाल्यावर ते मिळून उपयोग काय? म्हणून ते नाकारणाऱ्या आदेशावर १९८५पासून (मिचेल विरुद्ध फोर्सिथ) लगेच अपील करता येतं, पण वाद कायद्याच्या मुद्द्याचा असेल तरच. १९९५च्या जॉन्सन विरुद्ध जोन्समध्ये एका मधुमेही माणसाला रस्त्यात झटका आला होता. पोलिसांना वाटलं, प्यायलाय. पुढे तो इस्पितळात होता आणि त्याच्या बरगड्या मोडलेल्या होत्या. तिघा पोलिसांचं म्हणणं, आम्ही मारल्याचा पुरावाच नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हा वाद पुराव्याचा; निकाल लागेपर्यंत थांबा.

उलट, संरक्षण मंजूर होऊन एक पोलीस सुटला आणि बाकीचे प्रतिवादी उरले, तर वादीला सहसा थांबावंच लागतं. मला हे एकतर्फी वाटतं.

आपल्याकडेही 'निशाणी पाच'चा, म्हणजे दावा चालू असताना तात्पुरती मनाई मागणारा अर्ज फेटाळला की निकालाची वाट न पाहता अपील होतं. त्याला 'किरकोळ दिवाणी अपील' म्हणतात. ज्याच्या घरावर हातोडा पडणार असतो, त्याला त्यात किरकोळ काय ते विचारू नये.

आता वापराबद्दल. बातमीतल्या त्या, संरक्षण नाकारणाऱ्या आदेशाला 'अंतरिम' म्हणू नये. अंतरिम म्हणजे तोवरच्या सोयीचा, तात्पुरता. हा आदेश दाव्याच्या मध्ये आला, पण तात्पुरता नाही. 'दावा चालू असताना दिलेला आदेश' असं सरळ लिहावं. भरपाई मागितली असेल तर 'दावा'. 'खटला' फौजदारीसाठी ठेवावा. आणि 'अपील' मराठीत नपुंसकलिंगी आहे: 'अपील फेटाळलं'. 'अपील फेटाळली' हे हिंदीचं वळण.