तक्ता बाजूला ठेव, उरलेल्या भातापासून सुरू कर

अगं, तुझा मेसेज वाचला. नववीला पोषण आणि अन्नसुरक्षा शिकवायचंय आणि जीवनसत्त्वांचा तक्ता फळ्यावर काढला की पोरं पेंगतात म्हणतेस. पेंगणारच गं! त्यापेक्षा काल रात्री उरलेल्या भाताचं सकाळी काय झालं ते विचार, फोडणीचा भात म्हणून बरेच हात वर येतील.

मग सांग की भात शिजला तरी बॅसिलस सेरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू, म्हणजे उष्णता सोसणारी त्याची सुप्त रूपं, त्यात जिवंत राहू शकतात, भात रात्रभर ओट्यावर राहिला तर ते वाढून विष तयार करतात आणि सकाळी कितीही खमंग फोडणी घातली तरी ते विष जात नाही. गरम केलं की सगळं मरतं हा घरोघरचा समज आहे, तो इथेच मोडायचा. पण शिळं खाऊ नका असं चुकूनही म्हणू नकोस हां, ज्या घरात अन्न टाकणं परवडत नाही तिथलं पोरगं त्या क्षणी तुझं ऐकायचं बंद करेल. उरलेला भात ताटात पसरून गार करायचा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवायचा, फ्रिज नसेल तर रात्री मोजकाच लावायचा, एवढं सांग.

लोहाचा तास फक्त मुलींना बसवून घेऊ नकोस प्लीज. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना ॲनिमिया, म्हणजे रक्तक्षय, निघाला, पण मुलगेही 31 टक्के होते. शाळेत आठवड्याला मिळणारी ती लोहाची निळी गोळी मळमळतं म्हणून कितीतरी जणी दप्तरात टाकतात आणि विसरतात. रिकाम्या पोटी नको, डबा खाऊन घे, आणि जेवणाला लागून चहा नको कारण चहाने लोह नीट शोषलं जात नाही, हे कुणी सांगतच नाही त्यांना. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळलं की शोषण वाढतं, हेही सांग.

पाकिटबंद खाऊचं सोपंय, रिकामी रॅपर्स आणायला लाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, साखर कितव्या नंबरवर आहे ते त्यांनाच शोधू दे.

आणि डबे उघडून दाखवा असं वर्गात कधीच म्हणू नकोस. रोज वेफर्स आणणाऱ्या मुलाची आई कदाचित पहाटेच कामावर गेलेली असते, त्याच्याशी बोलायचंच असेल तर सुट्टीत एकट्याशी बोल, आणि त्याला स्वतःला काय बनवता येतं ते आधी विचार.