प्रत्येक स्लाइड एकटी फिरणार आहे

अगं,

पक्षांतरबंदी कायद्यावर केलेल्या तुझ्या स्लाइड्स सगळ्या नीट बघितल्या, रात्री एकदा आणि सकाळी परत एकदा. विषय फार चांगला निवडलायस, कारण जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हापासून ह्या एका विषयावर महाराष्ट्रात घराघरात वाद झालेत, पण नेमकं कोणी काय ठरवलं असं विचारलं की भले भले अडखळतात. म्हणून तुझं काम मला महत्त्वाचं वाटतं आणि म्हणूनच जरा सविस्तर लिहितोय.

पहिली स्लाइड आधी काढून टाक. "दहाव्या अनुसूचीतील परिच्छेद २ अन्वये" ने सुरुवात केलीस की माणूस तिथेच अंगठ्याने वर सरकवून पुढे जातो, त्यात त्याचा काही दोष नाही. त्याच्या डोक्यात काय असतं माहितीये? मी ज्या चिन्हावर मत दिलं त्या चिन्हाचा माणूस दुसरीकडे गेला, मग त्याची आमदारकी कशी काय राहिली? बस, हाच प्रश्न मोठ्या अक्षरात पहिल्या स्लाइडवर टाक, कलमाचा नंबर खाली बारीक अक्षरात दिलास तरी चालेल.

मग कायदा सांगायचा, आणि तो खरंच दोन वाक्यांत सांगता येतो. १९८५ साली ५२ वी घटनादुरुस्ती झाली, तिने ठरवलं की आमदार-खासदाराने आपला पक्ष स्वतःहून सोडला, किंवा पक्षाचा व्हिप मोडून सभागृहात मत दिलं आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केलं नाही, तर तो अपात्र. आधी एक तृतीयांश लोक एकत्र बाहेर पडले तर त्याला फूट म्हणायचे आणि ते वाचायचे, २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बंद केली आणि आता उरलीये ती फक्त विलीनीकरणाची, म्हणजे दुसऱ्या पक्षात मिसळून जाण्याची वाट, त्याला पक्षाचे दोन तृतीयांश आमदार लागतात. व्हिप हा शब्द बदलू नकोस, लोक तो रोज टीव्हीवर ऐकतात, फक्त पहिल्यांदा येईल तिथे "पक्षाचा आदेश, कुणाला मत द्यायचं ते सांगणारा" एवढं लिही. अपात्र म्हणजे काय हेही सांग, कारण खूप जणांना वाटतं की तो माणूस सहा वर्षं निवडणूक लढवू शकत नाही. तसं नाहीये, आमदारकी जाते पण पोटनिवडणूक लढवता येते, आणि परत निवडून येईपर्यंत (किंवा ती टर्म संपेपर्यंत) मंत्री होता येत नाही.

दोन तृतीयांशासाठी तू पाय चार्ट काढलायस, तो काढून टाक आणि सरळ ठिपके काढ. गोव्याचं उदाहरण घे, इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मिळणार नाही. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे १५ आमदार होते, त्यातले १० भाजपात गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये ११ होते, त्यातले ८ गेले. १५ ठिपके काढून १० रंगव, खाली ११ काढून ८ रंगव, आणि लोकांना स्वतः मोजू दे. अकराचे दोन तृतीयांश म्हणजे सात पूर्णांक काहीतरी, म्हणजे आठवा माणूस लागतोच. आठवा ठिपका जरा वेगळा दाखवलास की आकडा आठच का, हे एकही शब्द न लिहिता कळतं. ज्याने ते ठिपके एकदा मोजले तो विसरत नाही.

आता खरी अडचण शिवसेनेच्या स्लाइडवर आहे. तू लिहिलंयस "५५ पैकी ४० आमदार, म्हणजे दोन तृतीयांशपेक्षा जास्त, म्हणून ते वाचले." गणित बरोबर आहे, ३७ लागतात आणि ४० होते, पण कारण चुकीचं आहे. एकनाथ शिंदेंचा गट कुठल्याच पक्षात विलीन झाला नाही, त्यांचं म्हणणं होतं की आम्हीच शिवसेना आहोत. म्हणजे गोव्याची वाट वेगळी आणि ही वाट वेगळी, आणि ठिपक्यांचं चित्र इथे लावलंस तर बघणारा चुकीची गोष्ट खात्रीने शिकणार. चित्राची भीती हीच आहे बघ, चुकीचं वाक्य माणूस विसरतो, चुकीचं चित्र डोक्यात बसतं.

इथे मी असतो तर तीन रकाने काढले असते, कारण लोकांचा गोंधळ आकड्यांचा नाहीच, तो कोण काय ठरवतं याचा आहे. पहिला रकाना राज्यपालांचा, सरकारकडे बहुमत आहे का ते सभागृहात सिद्ध करा असं ते सांगू शकतात. दुसरा विधानसभा अध्यक्षांचा, आमदार अपात्र की पात्र हे ते ठरवतात. तिसरा निवडणूक आयोगाचा, पक्षाचं नाव आणि चिन्ह कुणाचं ते १९६८ च्या चिन्हांविषयीच्या आदेशानुसार आयोग ठरवतो. "खरी शिवसेना कुणाची" हा एकच प्रश्न लोक विचारतात पण तो दोन टेबलांवर वेगवेगळ्या कामासाठी सुटला, आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला धनुष्यबाण शिंदेंना दिला आणि अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ ला निर्णय दिला, त्यात शिंदेंचा गट हीच खरी शिवसेना म्हटलं आणि दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र ठरवला नाही. ह्या तिन्ही रकान्यांच्या डोक्यावर एक आडवी पट्टी टाक सुप्रीम कोर्टाची, कारण तिघांचेही निर्णय तिथे तपासले जाऊ शकतात. एवढं चित्र जमलं तर बाकी अर्ध्या स्लाइड्सची गरज उरणार नाही.

आणि आता जे सांगायला मुळात लिहायला बसलो ते. तू सगळ्या स्लाइड्स एक गोष्ट म्हणून बनवल्यास, पण त्या तशा फिरणार नाहीत. कुणीतरी सातवी स्लाइड तेवढी स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकणार, मागची सहावी आणि पुढची आठवी कुणाला दिसणारच नाही. म्हणून प्रत्येक स्लाइड एकटी असतानाही खरी राहिली पाहिजे. सुप्रीम कोर्टाच्या ११ मे २०२३ च्या निकालाच्या तुझ्या स्लाइड्स घे. एका स्लाइडवर तू लिहिलंस की बहुमत चाचणीला बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय घटनापीठाने चूक ठरवला. पुढच्या स्लाइडवर लिहिलंस की तरी उद्धव ठाकरेंचं सरकार परत आणता येत नाही असं कोर्ट म्हणालं, कारण त्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला होता. दोन्ही खरं आहे. पण एका बाजूचे लोक पहिली फॉरवर्ड करतील, दुसऱ्या बाजूचे दुसरी, आणि तुझ्याच मेहनतीतून दोन अर्धी सत्यं गावभर फिरतील. ही दोन वाक्यं एकाच स्लाइडवर, एकाच आकाराच्या अक्षरात, जवळजवळ ठेव, कुणाला एक कापून दुसरं ठेवता येणार नाही अशी. जागा कमी पडली तर फोटो काढून टाक. नेत्यांचे फोटो तसेही काही समजावत नाहीत, फक्त राग किंवा प्रेम जागं करतात.

नकाशा आणि आलेखाचंही तेच. निवडणुकीचा रंगीत नकाशा देखणा दिसतो खरा, पण गडचिरोली जिल्ह्याच्या तीन जागा केवढा मोठा तुकडा व्यापतात आणि मुंबईच्या ३६ जागा एका ठिपक्यात मावतात, त्यामुळे बघणाऱ्याला जमीन दिसते, आमदार दिसत नाहीत. २८८ सारखे चौकोन काढ, प्रत्येक मतदारसंघाला एक. मतदानाच्या टक्केवारीचा तुझा आलेख ६० पासून सुरू होतो, २०१९ च्या विधानसभेला साधारण ६१ टक्के आणि २०२४ ला ६६ च्या आसपास, त्यामुळे दुसरा खांब पहिल्याच्या सहापट उंच दिसतोय. शून्यापासून सुरू कर, वाढ छोटी दिसली तर दिसू दे, तेवढीच आहे ती.

बारीक गोष्टी पटकन सांगतो. रंग बघून पक्ष ओळखतील असं धरू नकोस, दोन्ही सेना भगव्याच आहेत, प्रत्येक ठिकाणी नाव लिही. चिन्हं छोटी करून टाकलीस तर ती फोनवर एकसारखी दिसतात, आणि ही काही डिझाइनपुरती गोष्ट नाही, २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस आणि एका अपक्षाला मिळाली पिपाणी, त्या अपक्षाला ३७ हजारांच्या आसपास मतं पडली आणि निकालातला फरक होता ३२ हजारांचा. मतदार चिन्हाने गोंधळले असं त्या पक्षाचं म्हणणं होतं. चित्र ओळखू येणं न येणं ह्याला आपल्याकडे एवढी किंमत आहे. आणि प्रत्येक स्लाइडच्या खाली तारीख टाक, कारण ही प्रकरणं पुढे सरकतात आणि तुझी आजची स्लाइड वर्षभराने कुणाच्या तरी फोनवर ताजी म्हणून येणार.

टाकायच्या आधी दोन माणसांना दाखव, एक ह्या बाजूचा कट्टर आणि एक त्या बाजूचा. आवडली का असं विचारू नकोस, "तुमच्या बाजूचं ह्यात काय सांगायचं राहिलंय" असं विचार आणि ते सांगतील ते लिहून घे. त्यातलं जे खरं असेल ते स्लाइडवर घे, जे नुसतं चिडून बोललेलं असेल ते सोडून दे, दोन्हीतला फरक तुला कळतो हे मी बघितलंय. तीन रकान्यांचं चित्र आधी हाताने कागदावर काढ आणि फोटो पाठव, रविवारी मी घरीच आहे, बसून बघू.

तुझा,
काका