गोळी तीच, घड्याळ चुकलंय

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ५८. बार्शीत किराणा दुकान आहे. साडेनऊला शटर ओढतो, दहाला जेवतो आणि साडेदहाला आडवा होतो. रात्री दीड-दोनला घशाशी आंबट पाणी येतं, ठसका लागतो, मग पहाटेपर्यंत खुर्चीत बसून राहतो. गेलं वर्षभर रोज झोपताना पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम घेतोय. थंड दूध झालं, फसफसणारी पावडरही झाली. अर्धा तास बरं वाटतं, पुन्हा तेच. बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे. गोळी बदलू की डोस वाढवू?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : दोन्ही नको, निदान आत्ता तरी. तुमच्या पत्रात मी 'झोपताना' या शब्दाशी थांबले. प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा मीही कित्येकांना 'रात्री झोपताना एक' असं लिहून दिलंय, त्यामुळे तुम्हाला ते कुणी सांगितलं असेल त्यांना नावं ठेवत नाही.

पोटाच्या अस्तरात आम्ल सोडणारे बारीक पंप असतात. पॅन्टोप्राझोल कुलूप घालते ते चालू असलेल्या पंपांनाच, आणि पंप जोरात चालू होतात ते जेवण पोटात पडल्यावर. औषध रक्तात काही तासच राहतं. म्हणजे घास पोटात जाईल तेव्हा ते रक्तात हजर हवं. तुम्ही हात धुऊन, चूळ भरून मग गोळी घेता. गिऱ्हाईक निघून गेल्यावर माल उतरवून काय उपयोग? जेवणाआधी अर्धा ते एक तास, ही तिची वेळ. गोळ्यांची पट्टी घरी उशाशी ठेवू नका, दुकानाच्या गल्ल्यात ठेवा.

त्याहून चांगलं म्हणजे डबा दुकानातच मागवा. सव्वासातला गोळी, आठला जेवण. जेवण आणि झोप यांच्यात दोन-तीन तास जाऊ द्या. झोपेत लाळ कमी होते, गिळणं जवळजवळ थांबतं आणि आडवं झाल्यावर वर आलेलं आम्ल आपोआप खाली उतरत नाही. दुपारी याच जळजळीचा एवढा त्रास होत नाही तो यामुळेच.

मग झोपताना घ्यायची गोळी असते की नाही? असते, पण ती वेगळी. रात्रीच्या आम्लामागे हिस्टामिन या शरीरातल्याच रसायनाचा हात मोठा असतो आणि फॅमोटिडिन त्यालाच अडवते. पॅन्टोप्राझोलची वेळ सुधारूनही महिनाभरात रात्रीची झोप मोडतच राहिली, तर तुमच्या डॉक्टरांना फॅमोटिडिनबद्दल विचारा. मात्र रोज घेतली तर एक-दोन आठवड्यांत शरीर तिला सरावतं आणि तिचा जोर ओसरतो. म्हणून मी ती राखून ठेवायला सांगते : लग्नाचं जेवण, रविवारचं मटण, उशिरा झालेली पंगत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोस कमी करावा लागतो, तेव्हा क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची रक्ततपासणी आधी करून घ्या. घरात जुनी रॅनिटिडिन पडली असेल तर ती वापरू नका. तिच्यात एनडीएमए हा घातक घटक सापडल्याचं २०१९मध्ये पुढे आलं आणि २०२२मध्ये आपल्या आवश्यक औषधांच्या यादीतून ती वगळली गेली.

दूध सोडा; प्यायल्यावर गार वाटतं, पण थोड्या वेळाने तेच आम्ल वाढवतं. पावडरीत सोडियम भरपूर असतं, आणि तुम्हाला बीपी आहे. अ‍ॅम्लोडिपिननेही अन्ननलिकेच्या तळाचा स्नायू सैल पडू शकतो. ती स्वतःहून बंद करू नका, फक्त डॉक्टरांच्या कानावर घाला.

खाटेच्या डोकीकडच्या दोन्ही पायांखाली विटा घालून सहा ते आठ इंच उंची द्या. उशांची चळत नको, तिने पोट मुडपतं आणि त्रास वाढतो. माझ्या एका पेशंटने विटा घातल्या, पण पायथ्याशी. बायकोचे पाय सुजायचे म्हणून! तुमच्या घरी असं काही असेल तर निदान डाव्या कुशीवर झोपा. त्या कुशीवर पोटातलं आम्ल अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतं.

वर्षभर रोज गोळी चालू आहे आणि तपासणीचा पत्रात उल्लेख नाही, हे मला आवडलेलं नाही. घास अडकत असेल, वजन उतरलं असेल, शौच डांबरासारखं काळं होत असेल किंवा तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघालं तर वेळेचे प्रयोग करत बसू नका, लगेच एन्डोस्कोपी करून घ्या. रात्री छातीत दाब येऊन घाम फुटला तर 'पित्तच असेल' म्हणून खुर्चीत बसू नका. तडक इस्पितळ गाठा, आधी ईसीजी. आणि वैतागून गोळी एकदम बंदही करू नका. इतक्या दिवसांनी अचानक सोडली की आम्ल काही काळ उसळतं.

दुकानातल्या कॅलेंडरवर ज्या रात्री उठावं लागलं त्या तारखेवर फुली मारा, शेजारी जेवणात काय होतं तेही लिहा. शेंगाची चटणी किती खाल्ली हे प्रामाणिकपणे! महिन्याने ते पान फाडून तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवा.