हिरवळीच्या चवळीवर मावा पडलाय, फवारू का?

प्रश्न: ताग आणि चवळी मिसळून हिरवळीच्या खतासाठी पेरलीये, सव्वा महिना झाला. चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा पडलाय, पानं चिकट झालीत, मुंग्या लागल्यात. सगळे म्हणतात लगेच फवार, नाहीतर नंतरच्या मिरचीवर जाईल. काय करू?

उत्तर: अजिबात फवारू नका. हे पीक तुम्हाला विकायचं नाहीये, गाडायचंय, मग माव्याने थोडा रस प्यायला तर बिघडलं काय? आणि चवळीवरचा काळा मावा मुख्यतः शेंगवर्गीय पिकांवरच वाढतो, पुढे मिरचीऐवजी हरभरा असता तर मी जरा जपून सांगितलं असतं.

सकाळी एक शेंडा तोडून तळहातावर घ्या आणि नीट बघा. मध्येच एखादा मावा फुगून तपकिरी मण्यासारखा कडक झालेला दिसेल, त्याच्या पोटात छोट्या परजीवी गांधीलमाशीची अळी वाढत असते, पाठीला गोल भोक असेल तर माशी बाहेर पडून दुसऱ्या माव्यांच्या मागे लागलीसुद्धा! काळपट, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीच्या पिल्लासारखी अळी दिसली तर घाबरू नका, लोक तिलाच कीड समजून मारतात, ती ढालकिड्याची अळी, मोठी होईस्तोवर शेकड्यांनी मावा फस्त करते. केसासारख्या दांडीवर एकेक पांढरट अंडं असेल तर ते क्रायसोपा या मावा खाणाऱ्या मित्रकीटकाचं.

आता फवारलंत तर हे सगळे मरतील आणि मावा मात्र परत येईल, कारण तो थेट पिल्लं देतो आणि ती आठवड्याभरात वयात येतात, ढालकिड्याला अंड्यापासून मोठं व्हायला साधारण 3 आठवडे लागतात.

मला खरी काळजी वाटते ती गाडणीची. एका दिवसात सगळं रान रोटरने सपाट केलं तर मित्रकीटकांनी जायचं कुठे? एकाआड एक पट्टा कापा, उरलेले 8-10 दिवसांनी, आणि बांधाकडेची एक ओळ फुलू द्या, फुलांतला मध आणि पराग त्यांना लागतो. पण बाकीच्या तागाला फुलं धरेपर्यंत थांबू नका, दांडा जून झाला की लवकर कुजत नाही.

गाडल्यावर 2-3 आठवडे थांबाच. मी एकदा घाई केली, चौथ्या दिवशी रोपं लावली, सकाळी बघतो तर कितीतरी जमिनीलगत कुरतडलेली, बोटाने माती उकरली तर वेटोळं करून बसलेली करड्या रंगाची अळी. हिरवा पाला मातीत ताजा असताना ही रोपं कुरतडणारी अळी बऱ्याचदा सापडते, म्हणून लावणीआधी 2-3 रात्री टॉर्च घेऊन रानात फिरा, अळ्या दिसल्या तर वेचा आणि लावणी अजून आठवडाभर पुढे ढकला.