घर जवळ आले, तरी जहाजावरच थांबावे का?

प्रश्न : आम्ही आठवडाभराच्या क्रूझचे आरक्षण केले आहे. जहाज वाटेत ज्या बंदरांना लागणार आहे, त्यांपैकी दोन आमच्या घरापासून फारशी लांब नाहीत आणि तिथली सगळी ठिकाणे आमची अनेकदा पाहून झाली आहेत. त्या दोन्ही दिवशी जहाजावरच राहावे, असे मला वाटते. यजमानांचे म्हणणे असे की, बंदराचे पैसे भरून खाली न उतरणे म्हणजे पैसे वाया घालवणे. शिवाय इतक्या जवळ आलोच आहोत, तर घरी एक चक्कर मारावी किंवा नातेवाइकांना जहाज पाहायला बोलवावे. जहाजावर थांबू देतात का? दिवसभर तिथे काय सुरू असते? आणि यजमान म्हणतात ते शक्य आहे का?

– एक वाचक

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. बंदराच्या दिवशी खाली उतरण्याची प्रवाशांवर सहसा कोणतीही सक्ती नसते आणि जहाजावर राहण्यासाठी वेगळी परवानगीही लागत नाही. अपवाद आहे तो इमिग्रेशनचा. काही देशांत अधिकारी प्रत्येक प्रवाशाला समक्ष पाहून कागदपत्रे तपासतात आणि अशा वेळी जे उतरणार नाहीत त्यांनाही ठरलेल्या वेळी हजर राहावे लागते. क्वचित सर्वांना काही काळ जहाज रिकामे करावे लागते. आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात किंवा कंपनीच्या अ‍ॅपवर ही सूचना असते. ती न वाचताच झोपलात, तर सकाळी निवांत बसण्याचा बेत ध्वनिक्षेपकावर आपले नाव पुकारले जाईपर्यंतच टिकेल.

पैशांबद्दल यजमानांचा आक्षेप मला पटत नाही. बंदरशुल्क साधारणपणे जहाजावरच्या प्रवाशांच्या संख्येनुसार आकारले जाते. आपण धक्क्यावर पाय ठेवला किंवा न ठेवला, त्यामुळे ते कमी-जास्त होत नाही. उलट केबिन, जेवण, तरणतलाव आणि डेकवरच्या मोकळ्या जागा या सगळ्यांचे पैसे आपण आधीच भरलेले असतात आणि गर्दी ओसरल्यामुळे त्यांचा खरा उपभोग घेता येतो तो नेमका याच दिवशी. एरवी सकाळीच टॉवेल टाकून अडवलेल्या खुर्च्या रिकाम्या असतात, लिफ्टसाठी ताटकळावे लागत नाही, आणि स्पामध्ये तर बंदराच्या दिवसासाठी अनेकदा खास सवलत असते. जहाज स्थिर असल्याने ज्यांना समुद्र लागतो त्यांनाही या दिवशी बरे वाटते.

तरीही तो दिवस पूर्ण शांततेत जाईल असे समजू नये, कारण प्रवासी उतरले की जहाजाची स्वतःची कामे सुरू होतात. कॅसिनो आणि करमुक्त वस्तूंची दुकाने बंदरात बहुतेक ठिकाणी बंद असतात. त्या देशाचे कर आणि जुगाराचे कायदे तिथे लागू होतात, म्हणून जहाज खुल्या समुद्रात गेल्यावरच ती उघडतात. करमणुकीचे कार्यक्रम मोजकेच असतात आणि एखाद-दुसरे उपाहारगृहही बंद राहते. इंधन भरायचे असेल तर ठरावीक डेकवर धूम्रपानास मनाई केली जाते. बाल्कनीची केबिन घेतली असली, तरी जहाज कोणत्या बाजूने धक्क्याला लागेल याची खात्री नसते. समोर निळे पाणी असेल किंवा कंटेनरच्या रांगा आणि मालाची गोदामे.

सर्वांत जास्त दचकवणारी गोष्ट म्हणजे कर्मचाऱ्यांची कवायत. टायटॅनिकच्या दुर्घटनेनंतर १९१४ मध्ये पहिल्यांदा आकाराला आलेल्या आणि पुढे अनेकदा सुधारलेल्या ‘सोलास’ या समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रत्येक कर्मचाऱ्याने महिन्यातून किमान एकदा आग विझवण्याच्या आणि एकदा जहाज सोडण्याच्या सरावात भाग घ्यावा लागतो, आणि लाइफबोटी तीन महिन्यांतून एकदा तरी पाण्यात उतरवून चालवून पाहाव्या लागतात. यासाठी बंदराचा दिवस सोयीचा असतो. सात आखूड आणि एक लांब असा भोंगा वाजतो, मार्गिकांतले अग्निरोधक दरवाजे आपोआप मिटतात, नारिंगी जाकिटे घातलेले कर्मचारी आपापल्या ठिकाणी रांगेत उभे राहून हजेरी देतात आणि आपल्या बाल्कनीच्या खालून एखादी लाइफबोट पोलादी दोरांवर हेलकावत हळूहळू पाण्याकडे जाते. हा सराव केवळ कर्मचाऱ्यांसाठी आहे, अशी घोषणा आधी झालेली असते आणि प्रवाशांना त्यात काहीही करायचे नसते. माझे म्हणणे मात्र असे की, अर्धा तास उभे राहून तो जरूर पाहावा. सकाळी आपली खोली आवरणारा माणूस संकटाच्या वेळी आपल्याला बोटीत बसवणार असतो, हे तिथे दिसते आणि त्याच्याविषयीचा आदर वाढतो.

आता घरी जाऊन येण्याविषयी. दिवसाच्या वेळात जाऊन परत येणे नियमात बसते, कारण खाली उतरल्यावर आपण कुठे जाता हे कोणी विचारत नाही. पण घरी गेलेले माणूस चहा पिऊन लगेच उठते, असे सहसा होत नाही. साठलेली टपाले, गळणारा नळ, शेजाऱ्यांची चौकशी यांत तास निघून जातात आणि मनाने मागे टाकलेले घर पुन्हा मानगुटीवर बसते. रात्री घरी राहायचे असेल, तर जहाज त्या बंदरात मुक्कामी असले पाहिजे आणि रिसेप्शनला आधी कळवलेले असले पाहिजे. सामान घेऊन तिथेच प्रवास संपवायचा विचार मात्र पूर्वपरवानगीशिवाय करू नये. इमिग्रेशन आणि कस्टम्सची कागदपत्रे ठरलेल्या मार्गानुसार तयार झालेली असतात. शिवाय आपल्याच दोन बंदरांमधील प्रवासी वाहतूक परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदणी झालेल्या, जहाजांना करू न देणारे कायदे काही देशांत आहेत. अमेरिकेतील असा कायदा १८८६ सालचा असून तो आजही लागू आहे. अशा ठिकाणी मध्येच उतरणाऱ्या प्रवाशामुळे कंपनीला दंड होऊ शकतो आणि तो प्रवाशाकडून वसूल केला जातो.

नातेवाइकांना जहाज दाखवण्याचा बेत सोडून द्यावा, असे मी स्पष्टच सांगेन. जहाजे आणि बंदरे यांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम १ जुलै २००४ पासून लागू झाले असून, गँगवेवर, म्हणजे जहाजात चढण्या-उतरण्याच्या मार्गावर, प्रत्येकाचे कार्ड तपासले जाते. पाहुण्यांना प्रवेश द्यायचाच झाला, तर त्यांची नावे आणि ओळखपत्रांचा तपशील पुष्कळ आधी कळवून मंजुरी घ्यावी लागते आणि बहुतेक कंपन्या ती सहजासहजी देत नाहीत. भेटायचेच असेल, तर बंदराबाहेर भेटावे.

आणखी एक बाब फोनची. खुल्या समुद्रात जी माणसे आपल्याला गाठू शकत नाहीत, ती घराजवळच्या बंदरात सहज गाठतात, कारण फोनला नेहमीचे नेटवर्क मिळालेले असते. आपल्याला विश्रांतीच हवी असेल, तर जवळच्यांना आधीच सांगून फोन बंद ठेवावा. संध्याकाळी जहाज सुटण्यापूर्वी तो आठवणीने फ्लाइट मोडवर टाकावा, नाहीतर किनारा मागे पडताच तो जहाजाचे नेटवर्क पकडतो आणि त्याचे दर फार चढे असतात.

यजमानांना उतरायचेच असेल, तर त्यांनी एकट्याने जावे आणि आपण थांबावे, यात काहीही वावगे नाही. जोडीने निघालो म्हणून दिवसाचा प्रत्येक तास जोडीनेच घालवला पाहिजे असे नाही. दोघांनी घड्याळे मात्र जहाजाच्या वेळेशी जुळवावीत, कारण ती आणि स्थानिक वेळ यांत कधीकधी तासाचा फरक असतो. जहाज सुटण्याच्या निदान अर्धा तास आधी परतावे लागते. गावात रस्ते ओळखीचे असतात म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि तिथेच उशीर होतो. ते वेळेत आले नाहीत, तर जहाज थांबेलच असे नाही आणि पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च त्यांनाच करावा लागेल. त्या परिस्थितीत पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत असल्यास आपण तो लगेच रिसेप्शनवर द्यावा, म्हणजे जहाज सुटण्यापूर्वी तो बंदरातील कंपनीच्या प्रतिनिधीकडे पोहोचवता येतो. तिजोरीचा क्रमांक दोघांनाही ठाऊक असू द्यावा.