‘नियंत्रण सोडा’ की ‘सोपवून द्या’?

प्रश्न विचारणाऱ्या ताई आपल्या चर्चमधल्या स्त्रियांच्या मंडळासाठी इंग्रजीतली छोटी मननं मराठीत आणताहेत. देवावर विसंबायचं आणि आयुष्याचा कंट्रोल त्याला सरेंडर करायचा, हा त्या मननांचा नेहमीचा विषय. यंत्रानं त्यांना भाषांतर दिलं, ‘देवावर विश्वास ठेवा आणि नियंत्रण समर्पित करा’. ते त्यांना खटकलं. शरण, समर्पण, स्वाधीन, सोपवणे यांतलं काय वापरावं? ‘भाव ठेवणे’ आता जुनाट वाटतं का? आणि ‘शरण जाणे’ हे हिंदू भक्तीतलं, म्हणून टाळावं का?

ताई, खटकलं ते योग्यच खटकलं. मराठीत नियंत्रण असतं ते गर्दीवर, रोगराईवर, भाववाढीवर. चालकाचं नियंत्रण सुटलं की गाडी दुभाजकावर आदळते. त्यामुळे ‘नियंत्रण सोडा’ वाचून डोळ्यांपुढे महामार्गावरचा अपघात येतो, परमेश्वर नाही. ‘कंट्रोल’ तसाच ठेवाल तर मंडळातल्या वयस्कर बायकांना रेशनचं दुकान आठवेल. ‘ताबा द्या’ म्हणाल तर बिल्डर. इंग्रजीत जिला कंट्रोल म्हणतात ती गोष्ट आपण मराठीत निराळ्याच वाटेनं बोलतो: सगळं माझ्याच हातात हवं, माझ्याशिवाय पान हलता कामा नये, मी म्हणेन तसंच झालं पाहिजे. तिथं नामापेक्षा वाक्य कामाला येतं. ‘नियंत्रण’ हा शब्दच काढून टाका आणि ‘सगळं माझ्याच हातात असावं हा हट्ट’ असं लिहून पाहा. मंडळातली एकही बाई अर्थ विचारणार नाही.

आता क्रियापद. माझं मत आधीच सांगून टाकतो: रोजच्या मननासाठी ‘सोपवणे’. ‘सोडणे’ला घेणारा लागत नाही. पतंग सोडला, नोकरी सोडली, नाद सोडला. पुढे त्याचं काय झालं याच्याशी क्रियापदाला देणंघेणं नाही. ‘सोपवणे’ला मात्र कोणाकडे, कोणावर, कोणाच्या हाती, हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. गावाला जाताना आपण शेजारच्या काकूंकडे घराची किल्ली सोपवतो. काकूंवर विश्वास नसेल तर ती सोपवतच नाही. आणि सोपवूनही दिवसातून तीनदा ‘नळ बंद आहे ना?’ म्हणून फोन करत असू, तर ती पुरती सोपवलेली नाही. विश्वास ठेवणं आणि हातातलं देऊन टाकणं अशी इंग्रजीत दोन वाक्यं करावी लागतात, ती या एका मराठी क्रियापदात आधीच एकत्र आहेत.

बायबलच्या मराठी भाषांतरकारांना हे नेमकं कळलं होतं. स्तोत्र 37 मधली पाचवी ओवी घ्या (आकड्यांचं वचन असलं तरी माझ्या तोंडात ओवीच येते): ‘आपला जीवितक्रम परमेश्वरावर सोपवून दे’. मूळ हिब्रूत तिथं ‘गोल’ हे आज्ञार्थी रूप आहे, म्हणजे लोट, गडगडवत ने. आपली वाट परमेश्वराकडे लोटून दे, असा शब्दशः अर्थ. जड धोंडा उचलवत नाही, पण ढकलता येतो, तसलं ते क्रियापद. ‘जीवितक्रम’ हा शब्द मात्र आता कोणी बोलत नाही. ‘आपली वाट’ म्हटलं तर मुळाच्याही जवळ जातं.

दुसरं ठिकाण क्रुसावरचं. लूकच्या तेविसाव्या अध्यायात येशू म्हणतो, ‘हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो’. हे एकतिसाव्या स्तोत्रातलं वचन. तिथल्या हिब्रू धातूपासूनच ‘ठेव’ या अर्थाचा शब्द होतो, आणि लूकनं वापरलेलं ग्रीक क्रियापदही एखाद्याजवळ ठेव ठेवण्याचंच. ठेव परत मिळायची असते. म्हणजे ज्या क्षणी सगळं हातातून गेलेलं दिसतं, त्या क्षणी वापरलेला शब्द गमावण्याचा नाही, जपायला देण्याचा आहे.

गंमत अशी की ‘सोपवणे’ आणि ‘समर्पण’ हे एकाच घरातले. संस्कृत ‘समर्पयति’ प्राकृतात ‘समप्पेइ’ झालं आणि घासत घासत हिंदीत ‘सौंपना’, आपल्याकडे ‘सोपणे, सोपवणे’. पण थोरला भाऊ संस्कृतच्या सोवळ्यात राहिला आणि धाकटा बाजारहाट करू लागला. म्हणून समर्पणाला यज्ञाचा, विधीचा वास आहे. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात शरीरे ‘जिवंत, पवित्र व देवाला ग्रहणीय यज्ञ म्हणून समर्पण’ करायला सांगितलं आहे. तिथं तोच शब्द शोभतो. आयुष्याला वळण देणारा मोठा, बहुधा एकदाच घेतला जाणारा निर्णय म्हणजे समर्पण. कॅथलिक वाचकाला ‘समर्पित जीवन’ म्हटलं की धर्मभगिनी आठवतात. मुलीच्या निकालाची किंवा नवऱ्याच्या रिपोर्टची धास्ती घेऊन सकाळी स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईला समर्पण करा म्हणणं जरा जडच.

इंग्रजीतल्या ‘सरेंडर’चंही वय पाहून ठेवण्यासारखं आहे. फ्रेंच ‘रांद्र’ म्हणजे परत देणं. त्यातून आलेला हा शब्द इंग्रजी कायद्यात जमिनीवरचा हक्क सोडून देण्यासाठी वापरात होता, मग किल्ले आणि तलवारी सरेंडर होऊ लागल्या. देवापुढे सरेंडर होण्याची भाषा 1611 च्या किंग जेम्स बायबलात नाही. ती बोकाळली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पवित्र जीवनावर भर देणाऱ्या सभांमधून. इंग्लंडातल्या केसिकला 1875 पासून भरणारी परिषद त्यातली सर्वांत नावाजलेली. आणि इथं आपला धागा लागतो: पंडिता रमाबाई 1898 मध्ये केसिकला गेल्या होत्या. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जी धार्मिक जागृती झाली, तिच्यामागे या वळणाच्या प्रार्थनासभाही होत्या. तेव्हा सरेंडर ही कल्पना मराठी ख्रिस्ती मंडळींत कालपरवाच्या मोबाइलवरून आली असं समजू नका. फरक इतकाच, की रमाबाई तिथून आल्या आणि हिब्रू-ग्रीक शिकून खेड्यातल्या बायकांना वाचता येईल अशा सोप्या मराठीत अख्खं बायबल करायला बसल्या. ते 1924 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, छापून निघालं. तुम्ही करताय ते काम त्याच जातीचं आहे.

‘स्वाधीन करणे’ हा फार मौजेचा शब्द. स्व + अधीन, म्हणजे स्वतःच्या ताब्यात असलेला, स्वतंत्र. पण ‘चोराला पोलिसांच्या स्वाधीन केलं’ यात ‘स्व’ पोलिसांचा! घेणारा बदलला की ‘स्व’ही बदलतो. नियंत्रण एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचं इतकं नेमकं चित्र दुसऱ्या शब्दात नाही, आणि ‘मी स्वतःला प्रभूच्या स्वाधीन करते’ हे मंडळींमध्ये रुळलेलंही आहे. एक अडचण मात्र सांगितली पाहिजे. मराठी शुभवर्तमानांत यहूदा येशूला याजकांच्या स्वाधीन करतो तेव्हाही हाच शब्द येतो. मुळात पाहिलं तर ही अडचण राहत नाही, उलट अर्थ गहिरा होतो. यहूदानं धरून देणं यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे, तेच पेत्राच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात येशूनं स्वतःला न्यायी देवाकडे सोपवण्यासाठी आहे. माणसांनी त्याला एकीकडे दिलं, त्यानं स्वतःला दुसरीकडे दिलं, क्रियापद एकच. या एका गोष्टीवर एक अख्खं मनन होईल.

शरण. ‘शरण’चा मूळ अर्थ आश्रय, रक्षण. ‘देव आमचा आश्रय व आमचे सामर्थ्य आहे’ या शेहेचाळिसाव्या स्तोत्राला तो परका नाही. गीतेत ‘मामेकं शरणं व्रज’ आहे म्हणून शब्द टाळायचा असेल, तर देव, आत्मा, भक्ती, प्रार्थना, तारण हे सगळे बाहेर काढावे लागतील आणि मग चर्चमध्ये बोलायला ‘आमेन’ तेवढं उरेल. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, ते आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत आणि अभंगच लिहीत राहिले. माझा आक्षेप वेगळा आहे. वर्तमानपत्रांनी ‘शरण’ पार पोलिसांच्या दारात नेऊन उभा केलाय: ‘फरार आरोपी शरण’. शरण जाण्याआधी विरोध किंवा पळ असतो. म्हणून पश्चात्ताप, परत फिरणं, देवाशी चाललेलं भांडण मिटवणं असा विषय असेल तेव्हा ‘शरण’ बिनधास्त वापरा. नुसती काळजी करणाऱ्या, देवाशी काही वैर नसलेल्या बाईला शरण जायला सांगितलं तर ती विचारेल, माझा गुन्हा काय?

विश्वासाच्या बाजूला शब्दांची रेलचेल आहे. नीतिसूत्रे 3:5 मराठीत ‘तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस’ असं आहे. ‘अवलंबून’च्या जागी हिब्रूत रेलणं, टेकणं आहे, ‘आपल्याच अकलेवर रेलू नकोस’ हे बोलीत छान बसतं. ‘भाव’ जुना झालाय का? हो, थोडा. देव भावाचा भुकेला हे सर्वांना कळतं, पण ‘भाव ठेव’ ऐकून तरुण मुलींना कांद्याचा भाव किंवा ‘जास्त भाव देऊ नकोस’ आठवतं. वचन उद्धृत करताना तसंच ठेवा, आपल्या वाक्यात ‘विश्वास’ वापरा. वि-श्वस् म्हणजे मोकळा श्वास घेणं, निश्चिंत होणं. तो शब्द झिजलेला असला तरी पोकळ नाही. ‘भरवसा’ही चालेल, फक्त भरवशाच्या म्हशीला आपल्याकडे टोणगा होतो हे विसरू नका.

या म्हणीवरून एक महत्त्वाची गोष्ट. देवावर टाकून मोकळं होणाऱ्याबद्दल मराठी भाषा मुळातच साशंक आहे. ‘देवावर हवाला ठेवून बसलाय’, ‘सगळा कारभार रामभरोसे’, ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’. शेवटची म्हण तर निव्वळ टिंगल आहे. त्यामुळे तुमच्या मननात नुसतं ‘देवावर सोडून द्या’ आलं की ऐकणारीच्या मनात खाटल्यावरचा माणूस येणार. इंग्रजीत हा धोका इतका नाही. उपाय म्हणजे काय सोपवायचं ते स्पष्ट सांगणं: काम नाही, चिंता. पेत्र तेच म्हणतो, ‘त्याच्यावर तुम्ही आपली सर्व चिंता टाका’. आणि तुकोबांच्या ‘आलिया भोगासी असावें सादर । देवावरी भार घालूनियां’ या ओळीतही भार देवावर घातलाय, पण माणूस सादर आहे, पळालेला किंवा झोपलेला नाही. पंचावन्नाव्या स्तोत्रातही भार परमेश्वरावर टाकायचाच आहे. भार टाकणे, चिंता टाकणे हे मराठी कानाला इतकं ओळखीचं आहे की इंग्रजी मननातली निम्मी सरेंडर या दोन प्रयोगांत विरघळतील.

‘सोडणे’ अगदीच बाद नाही. शेहेचाळिसाव्या स्तोत्राच्या दहाव्या वचनात ‘शांत राहा’ म्हणून जे वाचतो, तिथं हिब्रू ‘हरपू’ आहे: हात सैल करा, आवरतं घ्या. आधीच्याच वचनात देव धनुष्य मोडतो, लढाया बंद करतो. त्या ओघात ते येतं. (मराठी ‘हरपणे’शी याचा काडीचा संबंध नाही. फॉरवर्ड येण्याआधीच सांगून ठेवतो.) तेव्हा मननात भांडकुदळपणा, अट्टाहास असा विषय असेल तर ‘आता सोडा’ म्हणायला हरकत नाही.

तर यंत्राच्या त्या वाक्याचं मी असं करीन: ‘सगळं माझ्याच हातात असावं हा हट्ट आपण सोडू या, आणि आपली वाट परमेश्वरावर सोपवून देऊ या.’ हट्ट सोडायचा, वाट सोपवायची. दोन क्रियापदांना दोन वेगळी कर्मं. वेळ कमी असेल तर ‘आजची काळजी त्याच्यावर टाकू या’ इतकंही पुरे. ‘सोपवा’ऐवजी ‘सोपवू या’ मुद्दाम घेतलंय. आज्ञार्थी ‘सोपवा’ म्हटलं की सांगणारी व्यासपीठावर जाते आणि ऐकणाऱ्या खाली राहतात. आणि प्रार्थनेचा भाग येईल तिथं देवाला ‘आपण’ करू नका. आपल्याकडे विठोबाला, आईला आणि बायबलातल्या बापालाही ‘तू’च म्हणतात.