कारच्या धक्क्याने लोखंडी कुंपण वाकलंय, दुरुस्तीचे १८ हजार सांगतायत, बरोबर आहे का?

तुम्ही लिहिलंय की घरापुढच्या लोखंडी कुंपणाला कार धडकली, दोन पॅनल वाकले आणि वेल्डिंगवाला १८,००० सांगतोय. नुसते दोन पॅनल सरळ करून द्यायचे १८ हजार म्हणत असेल तर जास्त आहेत, देऊ नका. पण त्यात खांब, गवंडीकाम आणि सगळ्या कुंपणाचा रंग धरला असेल तर तो काही लुटत नाहीये. म्हणून आधी त्याला विचारा की या १८ हजारात नक्की काय काय येतं, आणि ते कागदावर लिहून घ्या.

आमच्या रत्नागिरीच्या घरी डिसेंबर २०२३ मध्ये अगदी हेच झालं. शेजारच्या प्लॉटवर चिरे उतरवायला आलेला टेम्पो रिव्हर्स घेताना कुंपणात घुसला. खाली दोन फूट चिऱ्याची भिंत आणि तिच्यावर तीन फूट लोखंडी ग्रील, अशी समोरची साठ फूट लांबी, म्हणजे सहा-सहा फुटांचे दहा पॅनल आणि अकरा खांब. त्यातले तीन पॅनल वाकले, एक तर पार मुरगळला. मी ठाण्याला असतो, बाबांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज पडलेला होता, कारण त्या ग्रीलचं डिझाईन त्यांनी घर बांधताना स्वतः कागदावर काढून दिलेलं होतं.

पहिला फॅब्रिकेटर, म्हणजे लोखंडी ग्रील बनवणारा, आला, बघितलं आणि म्हणाला सगळं काढून नवीन करा, ४१ हजार. दुसरा आला त्याने वाकलेल्या पॅनलकडे नुसती एक नजर टाकली आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून प्रत्येक खांबाच्या पायाशी टोचत टोचत शेवटपर्यंत गेला. चार खांबांत स्क्रूड्रायव्हर सरळ आत गेला. वरून रंग चांगला, आत नुसते गंजाचे पापुद्रे. आणि त्या चारातल्या दोघांना टेम्पोचा धक्कासुद्धा लागलेला नव्हता! तर तुमचा खर्च पण जे वाकलंय त्याच्यावर कमी आणि खांबाच्या पायावर जास्त ठरणार आहे. आज संध्याकाळी एक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि हे करून बघा, लोखंड सिमेंटमध्ये जातं बरोबर त्या जागी.

आता पैशाचं. लोखंडाचं काम वजनावर चालतं आणि वजन आपलं आपल्याला काढता येतं. चौकोनी बार असेल तर एमएममधल्या जाडीचा वर्ग गुणिले ०.००७८५, उत्तर किलो प्रति मीटर, म्हणजे १२ एमएमचा चौकोनी बार मीटरला १.१३ किलो. गोल सळी असेल तर जाडीचा वर्ग भागिले १६२, साइटवर सगळे हेच वापरतात. आमचा सहा बाय तीन फुटाचा पॅनल, चार इंचावर एक बार आणि वर-खाली एकेक पट्टी, साधारण २२ किलो भरतो. आमच्याकडे बनवून देण्याचा रेट तेव्हा किलोला १२० होता, म्हणजे नवीन पॅनल २,६४० रुपये. ही आकडेमोड केली की समोरचा माणूस सांगतो तो आकडा लोखंडाचा आहे की अंदाजपंचे आहे ते लगेच कळतं. तुमच्याकडचा आजचा रेट दोन दुकानांत विचारून त्या जागी टाका.

आमचं बिल असं झालं. मुरगळलेला एक पॅनल नवीन २,६४०. बाकी दोन पॅनल जागेवरच सरळ केले, त्यात सात बार बदलले, आणि चारही खांब गंजाच्या वर कापून खाली नवीन अँगलचा (एल आकाराच्या लोखंडाचा) तुकडा आणि त्याला बेसप्लेट, म्हणजे पायाखालची सपाट लोखंडी पाटी, जोडली, या सगळ्याचं लोखंड १,०००. बेसप्लेट आवळायला सोळा अँकर फास्टनर (भोक पाडून भिंतीत बसवायचे बोल्ट) ४००. वेल्डर आणि हेल्परचे दोन दिवस ३,५००, मशीन, रॉड, ग्राइंडरची चाकं त्याचीच. टेम्पोभाडं ५००. गवंडी अर्धा दिवस आणि सिमेंट ९००. पेंटर तीन दिवस २,७००, आणि रेड ऑक्साईड (गंज रोखणारा लाल प्रायमर), ऑईल पेंट, टर्पेंटाइन, पॉलिश पेपर धरून १,८००. एकूण १३,४४०. मुरगळलेला पॅनल भंगारात दिला त्याचे सहाशे आले ते वेगळे. ४१ हजार कुठे आणि १३ कुठे, आणि बाबांचं डिझाईन पण राहिलं. शिवाय जुना बार भरीव १२ एमएम होता, त्या ४१ हजारवाल्याच्या कोटेशनमध्ये नीट वाचलं तर १६ गेजचा पोकळ पाईप होता, म्हणजे जेमतेम १.६ एमएमचा पत्रा. समुद्राजवळच्या हवेत असा पाईप आतून सडतो आणि बाहेरून कळत पण नाही. जुनं भरीव लोखंड असेल तर ते सहजासहजी भंगारात घालू नका हो, मनापासून सांगतो.

सगळंच सरळ होतं असं मात्र नाही. भरीव बार हळुवार वाकलेला असेल तर आरामात सरळ होतो, पण काटकोनात मोडल्यासारखा दुमडला असेल तर तिथे चीर जाते, तो बदलायचा. पोकळ पाईपला पोचा आला की तो पूर्वीसारखा होत नाही, तेवढा तुकडा कापून नवीन घाला. वर भाल्याची टोकं किंवा फुलं बीडाची (ओतीव लोखंडाची) असतील तर त्यांना हातोडा लावू देऊ नका, बीड वाकत नाही, तुटतं. स्टीलची रेलिंग असेल तर आर्गन वेल्डिंगवाला लागतो आणि तो महाग पडतो. जीआय पाईपवर (जस्ताचा मुलामा दिलेल्या) वेल्डिंग केलं की जस्त जळून पांढरा धूर येतो, तो छातीत गेला तर त्या माणसाला रात्री ताप भरतो, म्हणून तेवढ्या भागावरचं जस्त आधी घासून काढायला सांगा आणि काम उघड्यावरच करू द्या. चेनलिंक जाळी असेल तर तुम्ही सुटलात, तिची एक तार फिरवून काढली की जाळी वेगळी होते, फाटलेला तेवढा पट्टा बदलून तार परत विणता येते.

रेट ठरवताना एक गोष्ट बघा, किलोवर ठरवलं तर तो जाड माल घालतो आणि स्क्वेअर फुटावर ठरवलं तर पातळ. दोन्हीत त्याचा दोष नाही, हिशोबच तसा आहे. म्हणून किती एमएमचा बार, किती एमएमची पट्टी, अँगल कोणता हे लिहून घ्यायचं, आणि किलोवर असेल तर वजन रंग लावायच्या आधी तुमच्यासमोर काट्यावर. जीएसटीचं बिल हवं असेल तर १८ टक्के वर धरा.

आणि रंगात पैसे वाचवू नका. वेल्डरला काम संपवून जायची घाई असते, तो नुसता टाका मारून (सांध्याला एक-दोन ठिपके वेल्ड करून) वर रेड ऑक्साईड फिरवतो आणि लांबून सगळं छान दिसतं. गंज आणि जुना रंग ग्राइंडरने घासून चकचकीत लोखंड दिसल्याशिवाय वेल्डिंग करू देऊ नका, आणि टाका नको, सांधा पूर्ण चारही बाजूंनी भरून घ्या. वेल्डिंगचा कचरा हातोडीने झाडून त्याच दिवशी प्रायमर मारून घ्या, एक रात्र जरी उघडं राहिलं तरी आमच्याकडे सकाळी लाल झालेलं असतं. खांबाच्या पायाशी सिमेंटचा छोटा उंचवटा करून चारही बाजूंना उतार द्या म्हणजे पाणी तिथे उभं राहणार नाही, आमचे चार खांब सडले ते फक्त या एका गोष्टीपायी, सिमेंटला खळगा होता आणि तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे. गंज धरला की लोखंड फुगतं आणि भिंतीलासुद्धा तडे देतं, मग गवंड्याचा खर्च वेगळा. पाईपचे खांब असतील तर वरून टोपी बसवा.

काम दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत करून घ्या. मे महिन्यात सगळे वेल्डर पावसाळ्याआधीच्या शेडच्या कामात अडकलेले असतात. वेल्डिंग चालू असताना घरातल्या लहान मुलांना आत ठेवा, त्या ठिणगीकडे बघितलं की रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं आणि पोरं रडून जीव नकोसा करतात.

राहिलं कारवाल्याचं, त्याने पळ काढला की थांबला ते तुम्ही लिहिलं नाहीये. गाडीच्या थर्ड पार्टी इन्शुरन्समध्ये दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान येतं, पण त्याला पोलिसात नोंद हवी आणि आपसात मिटलं नाही तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. दहा-बारा हजारासाठी बहुतेक जण समोरासमोर बसून मिटवतात. आम्ही गाडीचा नंबर दिसेल असे फोटो टेम्पो हलवायच्या आधीच काढले होते, त्यामुळे टेम्पोमालकाने फार वाद घातला नाही, ५,००० दिले. मी जास्त मागितले नाहीत, कारण चार खांब गंजले होते त्यात त्याचा काय दोष.

तुम्ही खांबांना टोचून बघा आणि पायाजवळचे फोटो इथे कमेंटमध्ये टाका, सोबत बारची जाडी आणि पॅनलची लांबी-उंची लिहा, मी वजन काढून सांगतो.